हरणीचे दोन रिपोर्ट

हरणी ही जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची कारवान जातीची कुत्री. पहिल्यांदा माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर आली तेव्हा चार वर्षांची होती. वजन २२ किलो, रंग वाळल्या कुसळासारखा, पाय इतके लांब की टेबलावर उभी केली तर तिचं डोकं माझ्या खांद्याला लागायचं. सोबत तिचे मालक आणि त्यांची सातवीतली नात. मालकांना सगळी वस्ती आबा म्हणते, मीही तेच म्हणते.

आबांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्ताचे तीन रिपोर्ट, डॉक्सीसायक्लिन या जंतू मारणाऱ्या गोळ्यांची संपलेली पाकिटं, एक लिव्हर टॉनिक आणि पपईच्या पानांचं ते ‘प्लेटलेट वाढवणारं’ सिरप. हकिगत अशी. घरात तीन कुत्री, पिल्लं सांभाळणं होत नाही, म्हणून हरणीचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं ठरलं. शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशनआधी रक्त तपासलं. ते तपासलं हे चांगलंच केलं. रिपोर्टात प्लेटलेट १,३२,००० आल्या, शेजारी छापलेली मर्यादा २ ते ५ लाख. पांढऱ्या पेशी ५,४००, मर्यादा ६,००० पासून पुढे. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, ५७ टक्के. मर्यादा ३७ ते ५५. किडनी लघवीतून बाहेर टाकते ते क्रिएटिनिन १.६, तेही मर्यादेच्या जरा वर. यंत्राने प्रत्येक आकड्यापुढे वर किंवा खाली बाण काढून दिलेला.

त्यावरून घरच्यांना सांगितलं गेलं की कुत्रीला गोचीड ताप आहे आणि किडनीवरही परिणाम दिसतो. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन झालं. पुन्हा रक्त काढलं, प्लेटलेट १,२८,०००. परत २८ दिवस. तिसरा रिपोर्ट १,३६,०००. या दोन महिन्यांत मटण बंद, कोंबडीचे पाय बंद, फक्त भात आणि दही. गोळी दुधातून दिली जायची आणि गोळी दिली की ती ओकायची. वजन २३ वरून २२ वर आलं होतं.

“मॅडम, हिला झालंय तरी काय? पळती तर वाऱ्यावानी,” आबा म्हणाले.

मला ते वाक्य महत्त्वाचं वाटलं. दोन महिने जुना गोचीड ताप अंगात असलेलं कुत्रं वाऱ्यासारखं पळत नाही. तपासलं. ताप १०१.२ फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्याचं नेहमीचं अंग. हिरड्या ओल्या, गडद गुलाबी. जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी हाताला वाढलेल्या लागत नव्हत्या, पोटात प्लीहा सुजलेली नव्हती, कातडीवर किंवा हिरड्यांवर रक्ताचा एकही ठिपका नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी बाटलीत आणायला सांगितली. तिचा घट्टपणा १.०४२ आला. किडनी खरोखर थकलेल्या कुत्र्याला इतकी घट्ट लघवी करताच येत नाही. किडनीचा प्रश्न तिथेच मिटला.

राहिल्या प्लेटलेट. मी ताजं रक्त घेऊन काचपट्टीवर पसरलं, रंगवलं आणि तेलाच्या भिंगाखाली धरलं. हे काम मी कधीच यंत्रावर सोडत नाही. प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजका झाला की यंत्र त्याला एक मोठी पेशी समजतं, किंवा मोजतच नाही, आणि आकडा खोटाच कमी येतो. ते पुंजके काचपट्टीच्या पिसाऱ्यासारख्या कडेला सापडतात. हरणीच्या काचपट्टीवर ते नव्हते. मग पेशी एका थरात पसरल्या आहेत अशा जागी दहा वेळा नजर फिरवून मोजलं. एका दृश्यात सरासरी नऊ प्लेटलेट. एका प्लेटलेटमागे साधारण १५,००० धरायच्या, म्हणजे १,३५,०००. यंत्र बरोबर होतं आणि कुत्रीही बरी होती. चुकीची होती ती शेजारी छापलेली मर्यादा, कारण ती या कुळातल्या कुत्र्यांसाठी नव्हतीच.

इथे जातीबद्दल थोडं सांगायला हवं. कारवान हा नजरेने शिकार हेरून पळत गाठणारा कुत्रा. साळुकी, स्लूघी, ग्रेहाउंड, व्हिपेट ही त्याची कुळी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, त्याचे पूर्वज पश्चिम आशियातून दख्खनेत आले असं मानतात, नावही तिथूनच. केनेल क्लब ऑफ इंडियात तो ‘कॅराव्हॅन हाउंड’ म्हणून नोंदला जातो. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळला घोरपड्यांच्या संस्थानाने ही कुत्री जोपासली, त्यामुळे तिकडे तो मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. कान-शेपटीला झालर असलेल्याला आमच्याकडे पश्मी म्हणतात. मुधोळ आणि कारवान एकच की दोन, यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. माझ्या कामापुरतं एवढं पुरे आहे की शरीराची घडण एकच आहे.

ती घडण धावण्याची आहे. या कुळातल्या ग्रेहाउंडच्या रक्ताचा सगळ्यांत बारकाईने अभ्यास झालाय, एक तर शर्यतींमुळे आणि दुसरं म्हणजे रक्तदाता म्हणून तो फार उपयोगी पडतो म्हणून. त्याच्या तांबड्या पेशी मुळातच जास्त. पीसीव्ही ५० ते ६० च्या घरात असणं हे त्याचं नेहमीचं रक्त. प्लेटलेट लाख-दीड लाखाच्या आसपास असल्या तरी तो ठणठणीत असतो. पांढऱ्या पेशी कमी, रक्तातलं प्रथिन कमी, थायरॉइडचं टी-फोर हे संप्रेरक कमी. क्रिएटिनिन मात्र जास्त, कारण ते स्नायूंमधून येतं आणि याच्या अंगात चरबीपेक्षा स्नायूच भरलेला. साळुकी आणि व्हिपेटमध्येही यातल्या बऱ्याच गोष्टी दिसतात. हरणीचे चारही बाण या चित्रात जिथल्या तिथे बसत होते.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे येणारी दहातली आठ कुत्री लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन नाहीतर गावठी असतात. कमी प्लेटलेट दिसल्या की गोचीड ताप धरून चालावं इतका हा रोग आपल्या भागात आहे. पण औषध देऊन दोन महिन्यांत आकडा जागचा हलत नाही, तेव्हा औषधाचा तिसरा डोस लिहिण्याआधी रोगच आहे का हे विचारायला हवं होतं. खऱ्या गोचीड तापात डॉक्सीसायक्लिनने एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट चढतात.

सगळी औषधं बंद केली, मटण चालू केलं. मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हे कारवानचं वजन बरोबर असल्याचं लक्षण आहे. त्याला लॅब्रॅडॉरसारखा गोल करायचा नाही, हेही सांगितलं. मग तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान उघडून नातीला पेन दिलं. तिने माझ्या सांगण्यावरून लिहिलं: ‘हरणी बरी असताना. पीसीव्ही ५७. प्लेटलेट १ लाख ३५ हजार. प्रोटीन ५.८. क्रिएटिनिन १.६. वजन २२.’ जाताना मी आबांना म्हटलं, “या जातीला प्लेटलेट कमीच असतात, काळजी करू नका.”

हे वाक्य पुढे मला महागात पडलं. खरं तर हरणीला पडलं.

ऑपरेशन पेरणीमुळे राहिलं, मग सुगीमुळे राहिलं. चौदा महिन्यांनी, श्रावण लागल्यावर, संध्याकाळी सहा वाजता आबांचा मुलगा तिला दोन्ही हातांवर घेऊन आला. चालत नव्हती. उजव्या नाकपुडीतून रक्त येत होतं, थेंब थेंब, थांबून थांबून. त्याच्या शर्टाच्या बाहीवर ते सुकून काळं झालेलं.

“किती दिवस झाले?”

“खाईना झाल्याला सहा-सात दिस झालं. परवा तालुक्याला रगत तपासलं. प्लेटलेट कमी म्हनले. पन तुमीच सांगितलं हुतं न्हवं, ह्या जातीला कमीच असतात. म्हून ऱ्हायलो.”

मी काही बोलले नाही. माझंच वाक्य होतं. मी आकडा सांगायला हवा होता: लाखाच्या खाली गेलं की त्याच दिवशी या. ‘कमीच असतात’ याला तळ नाही. ते ऐकणाऱ्याने कुठवर ताणायचं?

ताप १०४.४. जबड्याखालच्या गाठी सुपारीएवढ्या. ओठ वर केला तर हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, पोटाच्या उघड्या कातडीवरही तेच, आणि मांडीच्या आत एक जांभळा डाग रुपयाएवढा. कानाच्या घडीत बोट घातलं तर गोचीड. एका कानात सात, दुसऱ्यात चार, आणि पायाच्या बोटांमध्ये तिळाएवढी पिल्लं. वजन २०.

तालुक्याहून आणलेला रिपोर्ट पाहिला. प्लेटलेट ४२,०००, खाली बाण. बाकी कुठेही बाण नाही. पीसीव्ही ३९, मर्यादेच्या आत. प्रथिन ७.४, मर्यादेच्या आत. खाली छापील शेरा: ‘प्लेटलेट वगळता सर्व सामान्य’.

मी नातीची पुस्तिका मागितली. ती पिशवीत होतीच, गेल्या वर्षापासून ती पोर पुस्तिका कुणाला हलवू देत नव्हती. शेवटचं पान आणि रिपोर्ट शेजारी ठेवले. ५७ चे ३९ झाले होते. तिच्या तांबड्या पेशींचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता आणि छापील कागद त्याला सामान्य म्हणत होता. प्रथिन ५.८ वरून ७.४ वर गेलं होतं. शरीर महिनोन्‌महिने एखाद्या जंतूशी झुंजत असलं की प्रतिकाराची प्रथिनं अशी वाढतात. म्हणजे हा रोग आठवड्याचा नव्हता, बरेच दिवस आत दबून होता. ज्या तक्त्याने चौदा महिन्यांपूर्वी चांगल्या कुत्रीला आजारी ठरवलं, त्याच तक्त्याने आता आजारी कुत्रीला बरी ठरवलं होतं.

गोचीड ताप या नावाखाली आपल्याकडे दोन-तीन वेगळे रोग येतात. एर्लिचिया कॅनिस हा पांढऱ्या पेशींत घर करणारा जिवाणू, तो डॉक्सीसायक्लिनला दबतो. बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो, त्याला डॉक्सीसायक्लिन एकटं पुरत नाही, औषधं वेगळी. अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेटमध्येच बसतो. कधी दोन एकत्र असतात. म्हणून नाव नीट कळावं लागतं. काचपट्टीवर दृश्यामागे दोन-तीन प्लेटलेट दिसल्या, म्हणजे ४२ हजाराचा आकडा खरा. तांबड्या पेशींत बॅबेसियाचे ठिपके शोधले, दिसले नाहीत. एर्लिचियाचे पेशीतले पुंजके काचपट्टीवर क्वचितच सापडतात, तेही दिसले नाहीत. दवाखान्यातली झटपट चाचणी एर्लिचियाला पॉझिटिव्ह आली, पण ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, दाखवते आणि ती रोग गेल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त बर्फात ठेवून पीसीआरला, म्हणजे जंतूचा अंशच शोधणाऱ्या चाचणीला, पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: एर्लिचिया कॅनिस आहे, बॅबेसिया नाही.

उपचार उत्तराची वाट न पाहता त्याच संध्याकाळी सुरू केले. डॉक्सीसायक्लिन, किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोला १०० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, २८ दिवस. हे औषध कोरडं गिळवलं तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करतं, आणि दुधातून दिलं तर दुधातल्या कॅल्शियममुळे नीट शोषलं जात नाही. गेल्या वर्षी गोळी दुधातून जात होती, म्हणून या वेळी आबांच्या सूनबाईंना समोर करून दाखवलं. भाकरीचा मऊ घास, मटणाच्या रश्शात बुडवलेला, त्यात गोळी. वर दोन घास मोकळे. मग सिरिंजने गालाच्या कडेने थोडं पाणी. नाकावर बर्फाचा कपडा, अंधाऱ्या खोलीत शांत झोपवणं, गळ्यातला पट्टा काढून ठेवणं. रक्त भरावं लागलं तर कुणाचं घ्यायचं हेही ठरवून ठेवलं. तिचाच भाऊ, घरचा मोठा कारवान, सहा वर्षांचा. त्याची गरज पडली नाही.

एक गोष्ट विचारल्यावर कळली. ताप आला म्हणून तिला मेडिकलमधून माणसांची अंगदुखीची गोळी आणून दोन दिवस दिली होती, आयबुप्रोफेनची. कुत्र्याच्या पोटात ती व्रण करते, किडनीला मारते, आणि प्लेटलेटचं चिकटणं बिघडवते. आधीच ४२ हजार प्लेटलेट, त्याही कामाच्या उरल्या नाहीत. नाकातून रक्त सुरू झालं ते ती गोळी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. घरात मांजर आहे म्हणून तेही सांगितलं: मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घ्यायला पुरते. माणसांच्या डब्यातली कुठलीही गोळी जनावराला द्यायची नाही, अगदी अर्धीही.

दुसऱ्या रात्री रक्त थांबलं. तिसऱ्या सकाळी ताप १०१.६, आणि तिने स्वतःहून उठून रस्सा चाटला. आठव्या दिवशी प्लेटलेट ९६,०००, पीसीव्ही मात्र ३६. आबा घाबरले. तांबड्या पेशी तयार व्हायला वेळ लागतो, प्लेटलेट आधी वर येतात, हे समजावलं. काचपट्टीवर तरुण, मोठ्या, निळसर तांबड्या पेशी दिसत होत्या. या पेशी बनवणारी हाडांतली मज्जा कामाला लागली होती. ते मला फार हवं होतं, कारण हा रोग जुना होऊन मज्जाच सुकली तर मग हातात काही उरत नाही. २८ व्या दिवशी पीसीव्ही ५०, प्लेटलेट १,२८,०००. आणखी पाच आठवड्यांनी ५६ आणि १,३३,०००. छापील मर्यादेप्रमाणे त्या दिवशीही तिच्या रिपोर्टावर तीन बाण होते.

कुत्री बरी झाली तरी गोचीड घरात होतेच. वस्तीवर गेले. आबांचं म्हणणं होतं, गाईच्या अंगावरचे गोचीड हिला लागतात. तसं नाही. गाईचा गोचीड पिल्लापासून म्हातारपणापर्यंत आयुष्य त्याच गाईवर काढतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड मात्र प्रत्येक टप्प्याला रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीत शिरतो, कात टाकतो आणि पुन्हा कुत्रं शोधतो. रक्त प्यालेली मादी फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणजे अंगावर जेवढे दिसतात त्याच्या कितीतरी पट घराच्या भिंतीत असतात.

हरणी गोठ्याच्या कडेला दगडी भिंतीलगत झोपायची. टॉर्च मारला तर मातीच्या सांध्यांतून तपकिरी दाणे वर चढत होते; हे गोचीड नेहमी उंच चढतात. पण सगळ्यांत जास्त सापडले ते बाजेत. ज्या बाजेवर आबा दुपारी पडतात आणि जिच्याखाली हरणी पडते, तिच्या सुतळीचा पीळ सैल करून पाहिला तर आत ओळीने गोचीड बसलेले. फुगलेल्या माद्या, राखाडी, तुरीच्या दाण्याएवढ्या. नातीने हात मागे घेतला. आबा बराच वेळ त्या बाजेकडे बघत उभे राहिले.

सुतळी कापून जाळली, बाज उन्हात टाकली, नवी विणली. भिंतीचे सांधे सिमेंटने भरले. गोठ्यात आणि भिंतीवर डेल्टामेथ्रिनची फवारणी केली, दोन आठवड्यांनी पुन्हा केली, कारण अंडी औषधाने मरत नाहीत, पिल्लं बाहेर आल्यावर मरतात. फवारणी पूर्ण वाळेपर्यंत मांजर शेजारच्या घरात. या जातीची औषधं मांजराचं शरीर मोडू शकत नाही, झटके येऊन ते मरतं. तिन्ही कुत्र्यांना फ्लुरालेनरची वजनाप्रमाणे गोळी, दर १२ आठवड्यांनी. हिवाळ्यात खंड पाडायचा नाही. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, बोटांनी चिरडायचा नाही. आणि रॉकेल चोळायचं नाही. आबांच्या वडिलांपासून ते चालत आलेलं, त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं.

ऑपरेशन शेवटी माघात केलं. त्यासाठीही पुस्तिकेतलं पान लागलं. थायोपेंटोन हे जुनं भुलीचं औषध या कुळातल्या कुत्र्यांना द्यायचं नाही. चरबी कमी आणि यकृत ते सावकाश मोडतं, त्यामुळे कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. प्रोपोफॉल बेताने दिलं, वर गॅस. पातळ कातडीमुळे ही कुत्री टेबलावर लवकर गार पडतात, म्हणून खाली गरम पाण्याच्या बाटल्या कपड्यात गुंडाळून, वर घोंगडं. ते आबांनीच आणलं होतं. ग्रेहाउंडमध्ये ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी उशिराचा रक्तस्राव होतो हे माहीत असल्याने दोन रात्री तिला दवाखान्यातच ठेवलं. दर चार तासांनी टाक्यांभोवतीची कातडी पाहिली, हिरड्या पाहिल्या. काही झालं नाही.

तिला न्यायला आले तेव्हा नातीने दोन नव्या पुस्तिका टेबलावर ठेवल्या, हरणीच्या भावाची आणि तिसऱ्या कुत्र्याची. दोन्हींच्या शेवटच्या पानावर तिने पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले होते. वर मथळा, ‘बरा असताना’, आणि खाली लाल शाईत एक जास्तीची ओळ, जी मी हरणीच्या पानावर सांगायची विसरले होते: ‘याच्या खाली गेलं तर त्याच दिवशी.’ पुढची जागा कोरी होती. मी दोघांचं रक्त काढायला घेतलं.